पट्ट्यावरचा पंखा की विजेवरचा?

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाचे गाव. पाणी जवळ असले, तरी एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो. अशा उन्हात प्रवाशांनी भरलेली जुनी जीप किल्लारीच्या किंवा लोहाऱ्याच्या वाटेला लागली, की चालकाची एक नजर रस्त्यावर आणि दुसरी तापमानाच्या काट्यावर असते. काटा लाल खुणेपलीकडे गेला आणि गाडी तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जाते, कधी सिलिंडर हेडच वाकते. दुरुस्तीच्या खर्चाबरोबर तेवढ्या दिवसांचा धंदाही बुडतो.

त्यामुळे अशा गाड्यांच्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढावा आणि रेडिएटरवर विजेचा पंखा बसवावा. गाडी तापणार नाही, पिकअप सुधारेल, अॅव्हरेजही वाढेल. सल्ल्यात तथ्य आहे. मात्र ते कोणत्या गाडीला आणि कोणत्या रस्त्याला लागू पडते, हे सहसा सांगितले जात नाही.

पट्ट्यावरचा पंखा इंजिनाला बांधलेला असतो. इंजिनाचे फेरे वाढले की त्याचेही वाढतात, मग गरज असो वा नसो. येथे पंख्यांचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याने ओढलेली हवा दुप्पट होते. पण तो फिरवण्यास लागणारी शक्ती आठपट होते. दोन हजार फेऱ्यांना अर्धी अश्वशक्ती खाणारा पंखा चार हजार फेऱ्यांना चार अश्वशक्ती गिळतो. तेही अशा वेळी, जेव्हा गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावत असते आणि समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवण्यास बहुधा पुरेसा असतो.

मुंबईच्या टॅक्सीतळांवर अनेक दशके राज्य करून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे होते. एवढ्या कमाईतून तीन-चार अश्वशक्ती पंख्यावर खर्ची पडणे ही चैनच. विजेचा पंखा २० अॅम्पिअर प्रवाह घेतो असे धरले, तर बारा व्होल्टच्या गाडीत तो सुमारे पाव किलोवॉट होतो. अल्टरनेटरमधील तूट धरूनही इंजिनावर पडणारा भार पाऊण अश्वशक्तीच्या आतच राहतो. तोही पंखा चालू असेल तेवढाच वेळ. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये विजेचा पंखा होता, त्यामागे मात्र वेगळे कारण होते. तिचे इंजिन आडवे बसवलेले असल्याने पट्ट्याची पुली रेडिएटरकडे नव्हे, बाजूला तोंड करून होती.

जीप आणि तत्सम डिझेल गाड्यांचा हिशेब निराळा आहे. ही इंजिने मुळातच कमी फेऱ्यांवर चालतात, म्हणून वाचणारी शक्तीही कमी. शिवाय बऱ्याच गाड्यांत व्हिस्कस क्लचचा पंखा असतो. सिलिकॉन तेलाने भरलेला हा क्लच इंजिन थंड असताना घसरतो आणि रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पंख्याला पकडतो. नको तेव्हा शक्ती खाण्याचा दोष त्याने आधीच बराचसा कमी केलेला असतो. असा चांगला चालणारा पंखा काढून टाकण्याने पदरात फारसे काही पडत नाही.

खरी परीक्षा घाटात होते. तुळजापूरच्या घाटात भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये चढते, तेव्हा गाडीचा वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त असतात. समोरचा वारा जवळजवळ नसतो. परंतु पट्ट्यावरचा पंखा फेऱ्यांबरोबर भरपूर हवा ओढतो. विजेचा पंखा तेथेही ठरलेली तेवढीच हवा देतो. उलट पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर इंजिन मंद फेऱ्यांवर उभे असते, पट्ट्यावरचा पंखा सुस्तावतो आणि विजेचा पंखा पूर्ण ताकदीने चालतो. शहरात यशस्वी ठरलेला हा बदल खेड्यात फसतो तो बहुतेकदा याच कारणाने. भंगारातून आणलेला छोट्या मोटारीचा पंखा जीपच्या मोठ्या रेडिएटरवर लावला, तर फसण्यास घाटाचीही गरज नाही.

बदल करायचाच असेल, तर पंख्याने रेडिएटरचा शक्य तितका भाग व्यापावा आणि भोवती आवरण असावे. नाहीतर हवा जाळीतून न येता कडेने वळसा घालते. पंखा सुरू करणारा तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटच्या वरच्या अंशावर, साधारण ९२ ते ९५ अंश सेल्सिअसला लागणारा घ्यावा. त्याखालचा घेतल्यास पंखा थांबतच नाही. वायर जाड हवी. रिले आणि फ्यूज हवाच. डॅशबोर्डवरच्या साध्या बटणातून एवढा प्रवाह नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. जुना अल्टरनेटर रात्री हेडलाइट आणि पंखा दोन्हींचा भार पेलेल का, हेही आधी तपासावे. वॉरंटी शिल्लक असलेल्या गाडीच्या वायरिंगला हात न लावणे बरे.

पट्टा तुटला, तर पाण्याचा पंपही बहुधा बंद पडतो आणि विजेचा पंखा असूनही इंजिन तापतेच. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा रेडिएटरच्या पात्यांत अडकतो. तो साफ न करता पंखा बदलणाऱ्यांची संख्या कमी नाही. खर्चाच्या आधी रेडिएटर मागच्या बाजूने, बेताच्या दाबाच्या पाण्याने धुऊन पाहावा. कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅटही पाहावा.

आणखी एक. थेट जोडणी असल्यास इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढलेली असावी.