कान महोत्सवात पुण्याच्या चित्रपट संस्थेची मोहोर

मे २०२४ मधील कान चित्रपट महोत्सवात पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी मानाचे पुरस्कार मिळवले. पायल कपाडिया यांच्या चित्रपटास ‘ग्रां प्री’ हा महोत्सवातील द्वितीय सर्वोच्च सन्मान, तर चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटास ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात प्रथम पारितोषिक लाभले.

१९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपट करतच शिक्षण पूर्ण होते. नाईक यांचा लघुपटही दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. त्याचे चित्रीकरण अवघ्या चार दिवसांत झाले.

कपाडिया २०१५ मधील १३९ दिवसांच्या विद्यार्थी संपात सहभागी होत्या व त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाईही झाली होती. २०१७ मध्ये मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेतील लघुपटाचीच कानसाठी निवड झाली.