डोंगर चढणारा फौजी जिन्यावर का थांबतो? माजी सैनिक आणि सीओपीडीची गोष्ट

खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये सकाळी सहाला चक्कर मारा. ताठ कण्याचे, पांढऱ्या बुटातले दोन-चार काका हमखास दिसतील. चाल बघूनच कळतं, माणूस फौजेतला आहे. त्यातलेच एखादे काका दर दोनशे पावलांवर खाली वाकतात आणि बुटाची लेस बांधायला लागतात.

लेस सुटलेली नसते. दम लागलेला असतो.

फौजेत दम हा इज्जतीचा मामला. वीस-पंचवीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन पळालेला माणूस घरच्यांना सहजासहजी सांगत नाही की, आता दोन जिने चढवत नाहीत. 'वय झालं' म्हणतो आणि गप्प बसतो. घोळ इथंच होतो. कारण बऱ्याचदा हे वय नसतं, सीओपीडी असतो.

सीओपीडी म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. फुप्फुसातल्या श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात, हवेच्या बारीक पिशव्या फाटतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, त्यामुळं नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही. एका मोठ्या अभ्यासानुसार, २०१६ साली भारतात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना हा आजार होता.

आता प्रश्न असा, की यात फौजींचं वेगळं काय?

पहिलं कारण सगळ्यांना माहीत असलेलं, बिडी-सिगारेट. रात्रीचा पहारा, थंडी, घरापासून लांब. तिथं लागलेली सवय रिटायर झाल्यावरही सुटत नाही. दुसरं कारण धूर. बर्फाळ चौक्यांवर बंद खोलीत पेटवलेली रॉकेलची शेगडी, रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या डिझेलचा धूर, जुन्या जहाजांचं इंजिन रूम.

आणि तिसरं कारण सुरू होतं फौज सोडल्यावर. जवान चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. घर चालवायला बरेच जण सिक्युरिटीची नोकरी धरतात. तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी. समोरून ट्रक जातात, धूळ उडते, रात्री केबिनमध्ये डासांची कॉइल जळते. एक कॉइल जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सुटतात, असं एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे सिगारेटला कधी हात न लावलेल्या फौजीच्या छातीतही वर्षानुवर्षं धूर जातच असतो.

मग ओळखायचं कसं?

एक्स-रे काढला, नॉर्मल आला, विषय संपला, असं होत नाही. सुरुवातीचा सीओपीडी एक्स-रेत दिसेलच असं नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. नळीत जोरात फुंकायचं, बस्स. तुम्ही पूर्ण ताकदीनं जेवढी हवा बाहेर सोडता, त्यातली किती पहिल्या सेकंदात बाहेर पडते ते मशीन मोजतं. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर डॉक्टर सीओपीडीचं निदान करतात.

फाटलेल्या पिशव्या पुन्हा जोडल्या जात नाहीत, हे खरं. पण दम कमी होऊ शकतो, हेही तितकंच खरं. त्यासाठी या गोष्टी लागतात.

सिगारेट बंद. कोणत्याही वयात बंद केली तरी फायदा होतो.

पंप नीट घेणं. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी आंधळेपणानं रस्ता ओलांडतं का? मात्र बरेच जण पंप चुकीचा ओढतात. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग औषध आत ओढायचं, दहा सेकंद रोखायचं, स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घेणं.

आणि पल्मनरी रिहॅबिलिटेशन. सोप्या भाषेत, फुप्फुसाच्या पेशंटची पीटी परेड. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून पायांचे स्नायू गळतात आणि मग आणखी दम लागतो. हे चक्र तोडायला देखरेखीखाली सहा ते बारा आठवडे व्यायाम करून घेतात. यानं दम कमी होतो आणि चालणं वाढतं, हे अनेक चाचण्यांमध्ये दिसलंय. फौजींना ही भाषा लगेच कळते.

इथं अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा एक किस्सा सांगायलाच हवा.

तिथल्या पाच सरकारी वेटरन्स हॉस्पिटल्समध्ये सीओपीडीच्या ७४३ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना तास-दीड तासाचं एक शिकवणीचं सत्र, त्रास वाढला तर काय करायचं याचा लेखी कागद आणि महिन्याला एक फोन. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरात नेहमीच्या उपचारवाल्या दर शंभर जणांमागे सीओपीडीमुळं हॉस्पिटल आणि इमर्जन्सीच्या ८२ फेऱ्या झाल्या. कागद आणि फोनवाल्यांच्या फक्त ४८. हा निकाल २०१० साली छापून आला.

पण पिक्चर अभी बाकी है. असाच दुसरा प्रयोग वीस हॉस्पिटल्समध्ये झाला आणि तो मध्येच थांबवावा लागला. शिकवणी घेतलेल्या गटात २८ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १०. नेमकं कारण संशोधकांनाही सापडलं नाही.

म्हणून धडा एवढाच घ्यायचा. कागद हवा, पण तो आपल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी लिहिलेला. व्हॉट्सअपवर आलेली गोळी स्वतःहून सुरू करायची नाही. कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिजनचं मशीनही मनानं लावायचं नाही, कारण सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घात करू शकतो. तो किती आणि किती तास, हे डॉक्टरच ठरवतात.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, दम नेहमीपेक्षा जास्त लागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ निळसर झाले, वाक्य पूर्ण बोलता येईना, माणूस गुंगीत जायला लागला, तर १०८ ला फोन करा.

नवी मुंबईतल्या माजी सैनिकांनी जायचं कुठं?

एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजना आहे. पेन्शनर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय त्यात येतात. आधी पॉलिक्लिनिक, तिथून गरजेनुसार यादीतल्या हॉस्पिटलला रेफरल. कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमध्ये स्पायरोमेट्रीबद्दल थेट विचारा. प्रवास झेपत नसेल तर संरक्षण मंत्रालयाची 'सेहत ओपीडी' आहे. २०२१ पासून तिथं व्हिडिओवर सल्ला मिळतो. कार्डाचं किंवा कागदपत्रांचं काही अडलं, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरवाल्यांसाठी ते ठाण्यात, तर खारघर, कामोठे, पनवेलवाल्यांसाठी अलिबागला.

तुमच्या घरात, सोसायटीत किंवा गेटवर असे काका असतील, तर 'तब्येत कशी आहे' असं विचारू नका. उत्तर 'एकदम फिट' असंच येणार. त्यापेक्षा त्यांच्यासोबत दोन जिने चढा. कुठं थांबतात ते बघा. आणि लेस बांधायला खाली वाकले, तर पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन पॉलिक्लिनिक गाठा.