नैवेद्यावरील वस्त्र

गौरी-गणपती येतात तेव्हा पावसाळा सरलेला नसतो. पुरणाचा नैवेद्य सिद्ध होतो, तो झाकावयास फडके उचलावे, तर त्यास कुबट वास! सोवळ्यात धुऊन वाळविलेल्या वस्त्राची ही गत पाहून आम्हीही ऐन आरतीच्या वेळी खजील झालो आहोत.

कारण साधेच आहे. तुपातेलाचा अंश सुतात मुरतो; गार पाण्याने तो निघत नाही. त्यावर दमट हवेत सूक्ष्म जंतू वाढतात, आणि वास येतो तो त्यांचाच.

यास्तव सणाच्या आदल्या दिवशी स्टीलच्या पातेल्यात दर लिटर पाण्यास चमचाभर धुण्याचा सोडा घालून सुती फडकी 15 ते 20 मिनिटे उकळावीत. अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. सोड्याने ते खराब होते. रेशमी मुकटा तर कदापि उकळू नये. नंतर फडकी स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून, घडी न घालता एकेरी पसरावीत. ऊन नसल्यास इस्त्री फिरवून ओल पुरती घालवावी.

सोवळे स्पर्श टाळते, ओल टाळीत नाही. देवापुढील नैवेद्यावर घालावयाचे वस्त्र निदान आपल्या नाकास तरी शुद्ध वाटावे, एवढेच आमचे सांगणे.