ट्रकचा मॅनिफोल्ड घेताना

कापसाचा हंगाम सुरू झाला, की देवळी, सेलू, हिंगणघाटच्या जिनिंगसमोर ट्रकांच्या रांगा लागतात. गाठी भरल्या, की काही गाड्या जामवरून नागपूरकडे निघतात, काही वडनेरमार्गे हैदराबादच्या रस्त्याला लागतात. मालक टायर बघतो, ताडपत्री बघतो, डिझेल मोजून भरतो. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे मात्र तो फुटल्याशिवाय कोणी बघत नाही. आणि फुटला, की घाईघाईने स्वस्तातला आणून बसवला जातो.

सगळ्या सिलिंडरमधला जळका धूर गोळा करून टर्बोला किंवा सायलेन्सरच्या नळीला पोचवायचा, एवढेच याचे काम. पण भरलेली गाडी तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चढत असते, तेव्हा हा धूर ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलेला असतो. बाहेर मे महिन्याचे ४५ अंश असले, तर गार व्हायलाही वाव नाही. घाट संपून उतार लागला, की तेच लोखंड भराभर थंड होते. असे तापणे आणि निवणे दिवसातून कितीतरी वेळा होते. मॅनिफोल्डला चीर जाते ती बहुधा यामुळेच.

थोडा हिशेब करून पाहू. एक मीटर लांबीचे ओतीव लोखंड शंभर अंशांनी तापले, तर एक मिलिमीटरहून किंचित जास्त वाढते. सहा सिलिंडरचा मॅनिफोल्ड पाऊण मीटर धरला आणि तो पाचशे अंशांनी तापला, तर वाढ चार मिलिमीटरच्या वर जाते. ज्या हेडवर तो कसलेला असतो, ते पाण्याने गार राहते. ते इतके वाढत नाही. म्हणून मॅनिफोल्डला हेडवर थोडे सरकता आले पाहिजे. चांगल्या मालात टोकाकडची भोके स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. मोठ्या इंजिनांवर तो दोन-तीन तुकड्यांत येतो आणि तुकड्यांच्या जोडात रिंगा असतात. स्वस्त मालात सगळी भोके घट्ट पाडलेली दिसली, तर तो तिथेच ठेवून यावे. स्टड तुटला, तर हेड उतरवण्यापर्यंत काम जाते आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

दुसरी गोष्ट धातूची. ज्याला आपण बीड म्हणतो, त्या साध्या ओतीव लोखंडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे चीर सुरू व्हायची तयार जागा. १९४३ साली अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातले, तेव्हा हाच कार्बन गोळ्यांच्या रूपात जमला आणि लोखंड चिवट झाले. दुकानदार त्याला ‘एस.जी.’ म्हणतात. त्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम वाढवले, की ते उष्णतेला आणखी टिकते. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्रींतही असे ओतकाम होते. टर्बोच्या गाडीला एस.जी.च घ्यावा, असे माझे मत आहे. टर्बोचे सगळे वजन याच मॅनिफोल्डवर लटकलेले असते. ओळखायची जुनी युक्ती म्हणजे टांगून हलकेच ठोकणे. एस.जी. घंटेसारखा घुमतो, साधे बीड बद्द वाजते. तडा गेलेला तुकडाही बद्दच वाजतो, म्हणून ही परीक्षा दोन्हीकडून कामाची. तरी बिलावर धातूचा उल्लेख मागावाच.

चकचकीत वाकवलेल्या नळ्यांचा मॅनिफोल्ड ‘पिकअप वाढतो’ म्हणून खपवला जातो. शर्यतीच्या गाडीचे ते शास्त्र ट्रकला लागू पडत नाही. पातळ नळ्यांतून उष्णता वाटेतच जाते, टर्बोला मिळायची ऊर्जा घटते आणि वजनाने सांधे निखळतात.

मोजमाप घेताना गाडीच्या नावावर जाऊ नये, इंजिनावर जावे. १६१३ या एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिने येऊन गेली आहेत. जुना मॅनिफोल्ड आणि नवे गॅस्केट दोन्ही सोबत न्या. गॅस्केट तोंडावर ठेवून पाहा. धातूची कड भोकात डोकावत असेल, तर धुराची वाट अडते. पोलादी पट्टी उभी धरून फिलर गेजने सपाटी तपासा. मग आत बोट फिरवा. ओतकामाची वाळू किंवा टोकदार कड राहिली असेल, तर ती सुटून थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या गाडीत सेन्सरची आणि ईजीआरची तोंडे अचूक जुळावी लागतात. तिथे कंपनीचा मूळ भाग किंवा हुबेहूब त्याच मापाचा भागच घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही.

वेल्डिंगचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आधी तापवून, निकेलच्या कांडीने, नंतर राखेत झाकून सावकाश निववले तर काही काळ चालते. पितळी झाळ मात्र इतक्या उष्णतेला टिकत नाही.

गळका मॅनिफोल्ड ओळखणे सोपे आहे. सकाळी थंड इंजिनाला टकटक आवाज, जोडाशी काजळीचा काळा पट्टा, काळा धूर आणि घाटात ओढ कमी. टर्बोला दाब मिळत नाही आणि डिझेल वाया जाते. आपल्या भागात याहून मोठी भीती आगीची. जिनिंगच्या आवारात उडणारी रुई केबिनखाली साचते. कापूस चारशे अंशांच्या आसपास पेट घेतो आणि चिरेतून निघणारा झोत त्याहून गरम असतो. मागे गाठी, पुढे झोपलेला क्लीनर.

बसवताना नवीन गॅस्केट, नवे नट, आणि कसायची सुरुवात मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे, टॉर्क पान्याने. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत. त्याच वेळी आसपासची रुई हाताने काढून टाकावी. हवेच्या फवाऱ्याने ती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते.