नर्सिंगला फर्स्ट क्लास, तरी वॉर्डात हात थरथरतात : नव्या सिस्टरचे पहिले महिने एवढे अवघड का जातात?

धुळे-सोलापूर हायवेवरचं येरमाळा म्हटलं की आधी येडेश्वरी आठवते. या गावातून एखादी पोरगी जीएनएम करून नोकरीला निघाली, की बार्शी, सोलापूर, लातूर नाहीतर थेट पुणं गाठते. घरच्यांना वाटतं, पोरगी मार्गी लागली. आणि पंधराव्या दिवशी फोन येतो, "मला जमत नाही, मी परत येते."

पोरगी कच्ची आहे का? तर नाही.

शिकताना तिच्याकडे एक-दोन पेशंट असतात, पाठीशी मॅडम उभ्या असतात. नोकरीत अख्खी रांग तिची. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १ आणि साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागे १ नर्स हवी. रात्रपाळीत हा आकडा कुठे जातो, ते ज्यांचं माणूस ॲडमिट होतं त्यांना विचारा.

ओरिएंटेशन म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन दिवसांची भाषणं, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या, आग लागली तर काय करायचं, एवढंच. खरी परीक्षा पहिल्या 'ओव्हर'ला. आधीच्या पाळीची सिस्टर भराभर सांगून निघून जाते आणि नवी मुलगी कागदावर लिहितच राहते.

त्यात हिशोब. ५०० मिलीचं सलाईन ८ तासांत द्यायचं, सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती? साधारण २१. परीक्षेत हे सोपं असतं. शेजारच्या बेडवर कुणी ओरडत असताना नसतं. इन्सुलिन तर आणखी फसवं. आपल्याकडे ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदीचं इन्सुलिन मिळतं. ४० च्या सिरिंजचं झाकण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर धाडकन खाली येऊन जीवावर बेतू शकतं. हात थरथरतात ते यामुळे, आणि खरं सांगायचं तर न थरथरणाऱ्या नवशिक्याची भीती जास्त वाटायला हवी.

अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेला 'रिॲलिटी शॉक' म्हटलं. आधी नवलाई, मग धक्का, मग सावरणं आणि शेवटी जम बसणं. म्हणजे पंधराव्या दिवसाचा तो फोन धक्क्याच्या टप्प्यातला असतो. तिकडच्या अनेक रुग्णालयांत यासाठी वर्षभराची नर्स रेसिडेन्सी असते. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं केलंय.

मोठ्या रुग्णालयात निदान विचारायला कुणीतरी असतं. येरमाळ्यासारख्या गावात, लहान आरोग्य केंद्रात लागलेल्या सिस्टरचं दुखणं वेगळं. रात्री बाळंतीण येते, हायवेवरचा अपघात येतो, रानातून सर्पदंश येतो आणि सोबत वीस नातेवाईक. चैत्री यात्रेत तर गर्दीच गर्दी. सर्पदंशात रक्त गोठतंय का, हे बघायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून बघतात. प्लास्टिकची नळी चालत नाही. आता "काहीतरी करा" म्हणणाऱ्या घोळक्यासमोर, घड्याळाकडे बघत, नळी न हलवता वीस मिनिटं काढून बघा.

मग उपयोग कशाचा होतो? एकच अनुभवी सिस्टर काही आठवडे सोबत देणं, याचा सगळ्यात जास्त. खिशातली छोटी डायरी. फोनवर डॉक्टरांनी सांगितलेला डोस लिहून घेऊन त्यांनाच परत वाचून दाखवणं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम देण्याआधी दुसऱ्या सिस्टरला दाखवणं. "एवढंही येत नाही का?" असं ऐकावं लागतं, तरी दाखवायचंच. ते विचारणाऱ्या इन्चार्ज सिस्टरही कधीतरी नव्या होत्या, पण हे त्यांना आठवत नाही.

सोडून जाण्यामागे पगारही असतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. नोकरीचं पत्र हातात आलं की त्यातला आकडा या आकड्याशेजारी ठेवून बघा.