नाव आपलं, सेंट दुसऱ्याच्या कारखान्यातला

पापड, लोणची, मसाले आपण आपल्या हातानं करतो. चूक झाली तर ती आपल्याच पातेल्यात सापडते. सेंट आणि अत्तराचं तसं नाही. तिथं बाटलीवर नाव आपलं असतं आणि आतला माल बनवतो कुणी दुसराच. याला व्यवहारात प्रायव्हेट लेबल म्हणतात. अलीकडे बऱ्याच गटांच्या बैठकीत हा विषय निघतो, म्हणून आज आम्ही आमचा अनुभव सांगायला बसलो आहोत. त्यात आम्ही एकदा चांगलं तोंड पोळून घेतलं, तेही सांगणार आहोत.

आमचा गट जव्हारकडचा. आमच्याकडे आता मोगऱ्याची शेती होते, कळ्या मुंबईच्या बाजारात जातात. भाव पडला की वाटतं, या फुलांचं अत्तर का करू नये? पहिला विचार हाच होता की सुगंधी तेल आणायचं, घरी मिसळायचं आणि बाटल्या भरायच्या. बरं झालं आधी विचारलं. सेंट आणि अत्तर कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. विकण्यासाठी ते बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. मोठ्या डब्यातून लहान बाटल्यांत भरून, लेबल लावून आपल्या नावानं बाजारात आणणं हेही बनवणंच धरलं जातं. स्प्रेच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं, त्याच्या परवानग्या आणखी वेगळ्या. शिवाय ते पेट घेतं. चूल पेटलेल्या घरात ते काम करायचंच नाही. म्हणून परवाना असलेला कारखाना शोधायचा आणि त्याच्याकडून आपल्या नावानं माल करून घ्यायचा, हा रस्ता उरतो.

आता मोगऱ्याचं आधी सांगतो, कारण आमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच होता. मोगऱ्याचा खरा अर्क एक किलो काढायला फुलं लागतात कमीत कमी सहा-सातशे किलो, पुष्कळदा त्याहून जास्त. गुलाबासारखी साधी वाफ देऊन तो नीट निघत नाही, रसायनात विरघळवून काढावा लागतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला जुन्या पद्धतीनं अत्तर काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. असं अत्तर तोळ्यावर विकलं जातं. त्याची किंमत ऐकली की आपण बाटली अलगद खाली ठेवतो. तेव्हा शंभर-दीडशे रुपयांच्या बाटलीतला मोगरा बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण मग लेबलावर ‘आमच्या शेतातल्या मोगऱ्याचं अत्तर’ असं छापायचं का?

आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो ते शेठ म्हणाले, “छापा ना ताई, कोण बघायला येतंय?” आमच्यातल्या दोघी-तिघींना ते पटलंही होतं. तेव्हा गटातल्या एका काकींनी विचारलं, “आणि बघायला आलं तर जाब कोण देणार? शेठ का आपण?” त्या दिवशी त्या प्रश्नाचं महत्त्व आम्हाला कळलं नाही. पुढे कळलं.

झालं असं. त्या शेठनी दिलेला नमुना सुरेख होता. दर सगळ्यांत कमी. आम्ही गटाच्या पैशातून १८,००० रुपये आगाऊ दिले आणि ३०० बाटल्या आणल्या. करार नाही, पावती नुसती साध्या कागदावर. माल आला तेव्हा लग्नसराई तोंडावर होती, तपासायला सवड कुणाला? जिल्ह्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी बाटली नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. वास दहा मिनिटांत उडाला होता आणि पदरावर पिवळा डाग राहिला होता. त्या भांडल्या नाहीत, फक्त साडी दाखवली. आम्ही शेठना फोन केला. ते म्हणाले, “बॅच नंबर सांगा.” बाटलीवर बॅच नंबर नव्हताच. परवाना क्रमांक छापला होता, पण नंतर चौकशी केली तर भरणी दुसऱ्याच कुणाच्या गाळ्यात झाली होती. शेठ नुसते मधले व्यापारी. बाटलीवर नाव ठळक होतं ते आमच्या गटाचं. १९० बाटल्या आम्ही विक्रीतून काढून घेतल्या. कर्ज मात्र गटाच्या वहीत उभंच राहिलं, ते फेडायला वर्ष गेलं.

तेव्हापासून दर विचारण्याआधी आम्ही परवाना मागतो. नुसता क्रमांक सांगितलेला चालत नाही, प्रत हवी. त्यावरचा पत्ता आणि आपण उभे आहोत तो पत्ता एकच आहे का, आणि परवान्यात सेंट-अत्तर हा प्रकार लिहिला आहे का, हे पाहायचं. साबण-शांपूचा परवाना दाखवून सेंट भरणारेही भेटतात. मग सरळ विचारायचं, “दादा, मिसळणं आणि भरणं इथंच होतं का? आम्हाला बघायचंय.” जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून चहा पिऊन उठायचं. चांगल्या कारखान्यात शिरताना डोक्याला टोपी देतात, चपला बाहेर काढायला लावतात, आणि प्रत्येक पिंपावर तारीख आणि नंबर लिहिलेला असतो. आयएसओ २२७१६ हे सौंदर्यप्रसाधनं नीट बनवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते असलं तर उत्तम. लहान कारखान्याकडे नसतं, म्हणून लगेच तो वाईट ठरत नाही.

दुसरा कागद सुगंधी तेलाचा. कारखानदार स्वतः तेल क्वचितच बनवतो, तो ते सुगंध तयार करणाऱ्या कंपनीकडून घेतो. जगभरच्या सुगंध व्यवसायाची इफ्रा नावाची संघटना आहे. कातडीला त्रास देऊ शकतील अशा घटकांच्या मर्यादा ती ठरवते. तेल देणाऱ्या कंपनीकडे त्याचं प्रमाणपत्र असतं, ते मागायचं. पहिल्यांदा मागताना आम्हाला संकोच वाटला, आपण बायका काय कळून मागतोय असं समोरच्याला वाटेल म्हणून. आता वाटत नाही. बॅचच्या तपासणीचा अहवालही मागतो.

तेल किती टक्के घालणार, हे कागदावर लिहून घ्या. ‘ओ द परफ्यूम’ म्हणतात त्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, ‘ओ द टॉयलेट’मध्ये ५ ते १५ टक्के. दर कमी करायला सांगितला की पहिली कात्री या तेलालाच लागते, आणि डोळ्यांनी ते दिसत नाही. दुसरी कात्री वेळेला. तेल आणि अल्कोहोल मिसळल्यावर ते काही आठवडे मुरू द्यायचं असतं, मग थंड करून गाळायचं. लोणच्याचंच उदाहरण घ्या, आज घातलं आणि उद्या बरणीत भरून विकलं तर कसं लागेल? न मुरलेल्या सेंटला नाकात चढणारा अल्कोहोलचा वास येतो. म्हणून दिवाळीचा माल दसऱ्याला सांगून चालत नाही, पावसाळ्यातच सांगावा लागतो.

नमुना आला की तो शेठच्या ऑफिसात हुंगून पसंत करायचा नाही. तिथं पंखा असतो, चहा असतो, आणि चार वास घेतल्यावर नाक बधिर होतं. नमुना घरी आणायचा. कागदाच्या पट्टीवर लावून लगेच, तासानं आणि संध्याकाळी हुंगायचा. आम्ही पाचजणी आतल्या कोपरावर लावून दोन दिवस बघतो, खाज किंवा लाली येते का. पांढऱ्या सुती फडक्यावर फवारून वाळवतो. एक बाटली आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवतो, रंग बदलला तर दिसतो. एक बाटली रात्रभर कागदावर आडवी ठेवतो, गळती असेल तर सकाळी कागद सांगतो. आणि आमचा लाडका तराजू! रिकामी आणि भरलेली बाटली वजन करून बघतो. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून ५० मिलि स्प्रे सेंटचं वजन ५० ग्रॅम भरत नाही, ४० ते ४३ ग्रॅमच्या आसपास भरतं. तेव्हा वजन कमी दिसलं म्हणून भांडायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. मात्र ३५ भरलं तर जरूर जा.

पसंत पडलेल्या नमुन्याच्या दोन बाटल्यांवर सही-शिक्का घेऊन एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे ठेवायची. माल येईल तेव्हा त्याच्याशी ताडून बघायचा. हे करारात लिहायचं.

दराचं गणित एकदा मांडून दाखवतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत. समजा २० मिलिच्या ५०० बाटल्या कमीत कमी घ्याव्या लागतील अशी अट आहे आणि शेठ म्हणतात बाटलीमागे ५५ रुपये. हुरळून जाऊ नका. खोका १२, लेबल ४, जीएसटी आणि गाडीभाडं १५, फुटलेल्या आणि वास घ्यायला ठेवलेल्या बाटल्यांचे ४. झाले ९०. म्हणजे ४५,००० रुपये अडकले, आणि अजून एकही बाटली विकलेली नाही. प्रदर्शनाचं भाडं आणि येणं-जाणं वेगळंच. तेव्हा अट २०० बाटल्यांवर आणा, बाटलीमागे दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. कारखान्याच्या साठ्यातली साधी बाटली घेतली तर ते जमतं. आपल्या नावाची छापील बाटली मागितली की अट वाढते.

स्प्रे घ्यायचा की रोल-ऑन अत्तर, हेही आधी ठरवा. स्प्रे ज्वालाग्राही, त्यामुळे विमानानं जाणाऱ्या पार्सलवर बंधनं असतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुरिअरनं पाठवायचं तर आधी त्यांना विचारा. अल्कोहोल नसलेलं तेलातलं अत्तर त्या मानानं सोपं जातं.

लेबल छापण्याआधी दोघी-तिघींनी वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, किती मिलि, घटक, सर्व करांसहित किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. बनवणारा वेगळा आणि विकणारे आपण, हे लपवायचं नाही, तसंच छापायचं. ‘डोकेदुखी जाते’, ‘झोप लागते’ असलं काही लिहायचं नाही. तो औषधाचा दावा होतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. ब्रँडचं नाव कुणाचं? ट्रेडमार्कचा अर्ज आपणच करायचा. सेंट-अत्तर वर्ग ३ मध्ये येतं. एका व्यक्तीसाठी किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. “आम्हीच करून देतो” म्हणणाऱ्या कारखानदाराला नम्रपणे नको म्हणा. तो स्वतःच्या नावावर करील आणि उद्या आपण दुसरीकडे गेलो तर आपलंच नाव आपल्याला वापरता येणार नाही. पण घरातही हाच प्रश्न आहे, बरं का. बचत गट नोंदणीकृत संस्था नसेल तर अर्ज कुणाच्या नावानं? आमच्याकडे अध्यक्षताईंच्या नावानं करू असं ठरत होतं. त्याच स्वतः म्हणाल्या, “उद्या मी नसले तर माझ्या मुलांना काय माहीत हे गटाचं आहे?” तीन बैठका त्यातच गेल्या, थोडा रुसवा-फुगवाही झाला. शेवटी सल्ला घेऊन सहाजणींची भागीदारी नोंदवली, नफ्याचं आणि बाहेर पडण्याचं लिहून ठेवलं, आणि त्या नावानं अर्ज केला.

तसंच सूत्राचं. कारखान्याच्या तयार यादीतला वास घेतला तर तोच वास तो दुसऱ्यालाही देणार, त्यात त्याची चूक नाही. आपल्यासाठी वेगळा जुळवून घेतला आणि त्याचे पैसे दिले, तर सूत्र कुणाचं हे करारात लिहा. उरलेली छापील लेबलं परत मिळाली पाहिजेत, हेही लिहा. पैसे तीन टप्प्यांत द्या. थोडे ऑर्डरला, थोडे भरणीच्या वेळी, आणि शेवटचे माल नमुन्याशी ताडल्यावर.

वास कळणारं आणि तपासणी करून देणारं सरकारी ठिकाण हवं असेल तर कनौजला फ्रॅग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर आहे, १९९१ सालापासून. तिथं प्रशिक्षणही मिळतं.

आमचा नवा कारखानदार पहिल्यापेक्षा महाग आहे आणि फोनवर कमी बोलतो. पण त्यानं परवान्याची प्रत न मागता काढून दिली. लेबलावर आता ‘मोगऱ्याच्या सुगंधाचं अत्तर’ एवढंच छापलंय. शेतातला मोगरा आम्ही टेबलावर टोपलीत ठेवतो, गजरे करून, वेगळ्या भावानं. बरीचशी गिऱ्हाइकं दोन्ही नेतात. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या मात्र कपाटात कुलपात असतात, आणि किल्ली त्या काकींकडे.