खेळाची वेळ आणि सरकारचे घड्याळ

पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात (मुंबईच्या माहीमशी नेहमी गल्लत होते, म्हणून हा खुलासा) संध्याकाळी सात ते नऊ हा काळ मुलांच्या मालकीचा असतो. वडील मुंबईहून सुटलेल्या गाडीत विरारच्या अलीकडे-पलीकडे कोठेतरी उभे असतात, किंवा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीवर असतात. आई नोकरी करणारी असेल तर तीही त्याच गाडीत. नसेल तर स्वयंपाकघरात. पानवेलींच्या वाडीतून परतलेल्या आजोबांना मोबाईलमध्ये काय चालले आहे ते कळत नाही आणि कळले तरी बोलण्याची सोय उरलेली नाही. अशा वेळी ओटीवर भिंतीला टेकून बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा हातातल्या पडद्यावर नव्याण्णव शत्रूंशी लढत असतो. हाक मारली तर 'थांब, एवढा डाव संपू दे' हे उत्तर ठरलेले. डाव संपत नाही.

शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यामुळे प्रस्तुत लेखकाला निवृत्तीनंतरही पालकसभांची निमंत्रणे येतात. अलीकडे त्या सभांमध्ये अभ्यासक्रम, शिकवण्या आणि गुण हे विषय मागे पडले असून 'हा मोबाईलचा खेळ कोणी बंद करील काय' हा एकच प्रश्न पुढे आला आहे. आणि तो विचारणारे बहुतेक पालक अखेर सरकारकडे बोट दाखवितात. चीनने केले, मग आपले सरकार का करीत नाही? मुलांनी रोज किती वेळ खेळावे याचा कायदाच का करू नये?

ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती करणारा पालक आळशी नाही, थकलेला आहे. शिवाय त्याच्या रागाला एक सबळ कारण आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली तेव्हा शिक्षण चालू ठेवण्यासाठी मुलांच्या हाती मोबाईल द्या, असे शासनानेच सांगितले. कर्ज काढून, गळ्यातले गहाण टाकून लोकांनी तो घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण हाती आलेले यंत्र परत गेले नाही. ज्याने दार उघडले त्यानेच ते लावावे, असे पालकाला वाटले तर त्यात नवल काय?

तथापि सरकारने मुलांचे खेळाचे तास मोजावेत या उपायाने हे दार लागेल का, हा खरा प्रश्न आहे. या बाबतीतला अनुभव, आपला आणि परक्यांचा, फारसा उत्साहवर्धक नाही.

आपल्याकडे व्हिडिओ गेम प्रथम आले ते दुकानांत. अंधाऱ्या गाळ्यांत चारदोन यंत्रे मांडलेली असत. नाणे किंवा टोकन टाकून पोरे खेळत. त्यांवर परवान्याचे बंधन घालता येई. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा खेळघरांना परवाना सक्तीचा करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. हे बंधन अमलात आणता येत होते, कारण दुकानाला दार होते, दारावर पाटी होती आणि दाराशी पोलीस उभा राहू शकत होता. आज ते दुकान मुलाच्या खिशात आहे. पोलिसाने कोठे उभे राहावे?

राजकोटच्या पोलिसांनी हे करून पाहिले. मार्च २०१९ मध्ये तेथे 'पब्जी' या खेळावर बंदी घालण्यात आली आणि तो खेळताना आढळलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अटकही झाली. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्याला खेळापासून वाचविण्यासाठी त्याला पोलीस ठाण्यात नेणे हा उपाय रोगाहून वाईट होता, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने हाच खेळ देशभर बंद केला. पण त्याचे कारण मुले नव्हती, चीनशी आलेला तणाव आणि माहितीची सुरक्षितता हे होते. २०२१ मध्ये तो नाव बदलून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा अडविला गेला आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतला. त्या वेळी अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे खेळाच्या वेळेवर मर्यादा घालून पाहण्याचा प्रयोग आपल्या देशातही झाला आहे, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. का ठाऊक नसते? कारण वय विचारले की मुलगा जन्मसाल पुढे-मागे करतो, आणि पालकाची संमती म्हणून येणारा सांकेतिक अंक ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल मुलाच्याच हातात असतो. बापाची परवानगी मुलगाच देऊन टाकतो.

चीनचे उदाहरण नेहमी दिले जाते म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहू. २०१९ मध्ये तेथे अल्पवयीनांना शाळेच्या दिवशी दीड तास व सुट्टीच्या दिवशी तीन तास एवढी मुभा होती. ३० ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्यापुरती उरली. प्रत्येक खेळाडूची नोंद त्याच्या खऱ्या नावाने आणि ओळखपत्राने होते. तरीही मुले आजी-आजोबांच्या नावाने खेळू लागली, तेव्हा टेन्सेंट या बड्या कंपनीने रात्री खेळणाऱ्यांचे चेहरे तपासण्यास सुरुवात केली. एवढा बंदोबस्त करून साधले काय? २०१९ च्या मर्यादेनंतरच्या खेळाच्या प्रचंड नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आला. अतिरेकी खेळणे कमी झाल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. त्या नोंदींत मुले आणि प्रौढ वेगळे केलेले नव्हते, ही त्याची उणीव मान्य केली तरी निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले होते. तो कायदा संगणकासाठी होता. मुले मोबाईलकडे वळली. जानेवारी २०२२ मध्ये कोरियाने तो रद्द केला.

दुसरी गोष्ट अशी की, तासांचे माप मुळातच फसवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान दिले आहे. त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, ही त्याची लक्षणे होत. रविवारी मित्रांबरोबर चार तास खेळून सोमवारी शाळेत हसत येणारा मुलगा रोगी नव्हे. रोज एकच तास खेळणारा, पण उरलेले तेवीस तास त्याच एका तासाची वाट पाहणारा मुलगा चिंतेचा विषय होय. हा फरक घरातल्या माणसाला कळतो, शिक्षकालाही कळतो. मंत्रालयातल्या घड्याळाला तो कळणे शक्य नाही.

येथे आमच्या पिढीतील काहीजण म्हणतील की, कादंबऱ्या वाचतो म्हणून आम्हीही मार खाल्ला, सिनेमा पाहतो म्हणूनही खाल्ला; तरी बिघडलो नाही. हा युक्तिवाद मला पूर्वी पटत असे. आता पटत नाही. कादंबरी मिटून ठेवली की ती गप्प बसे. कॅरमचा पट कोनाड्यात ठेवला की तो रात्री अकरा वाजता हाका मारीत नसे. आजचा खेळ हाका मारतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस देतो, एक दिवस चुकला तर साठलेले गमावल्याची जाणीव करून देतो, पैसे भरून बंद पेटी उघडायला लावतो आणि आत काय निघेल ते आधी सांगत नाही. हे सारे विचारपूर्वक, माणसे पगारावर ठेवून रचलेले असते. बारा वर्षांच्या मुलाच्या निग्रहाने त्यांच्याशी झुंजावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

म्हणूनच सरकारने काहीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. सरकारने दुकानदाराला वेसण घालावी, गिऱ्हाइकाला नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो या दिशेने होता. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई केलेली आहे. मात्र त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधने लागू करण्यास आणखी दीड वर्षाची मुदत देण्यात आली. मुलांसाठीच्या खेळातून हजेरीची बक्षिसे आणि बंद पेट्या काढा, असा हुकूम सरकारने कंपन्यांना द्यावा. ज्या मुलाचा ताबा खरोखर सुटला आहे त्याच्यासाठी बेंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. पालघरच्या आईने मुलाला घेऊन बेंगळुरूला जावे काय? तशी सोय जिल्ह्याच्या रुग्णालयात झाली पाहिजे. ही सरकारची कामे. घरातला तास मोजणे हे त्याचे काम नव्हे.

मग ते कोणाचे? याचे एक उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गावाने दिले आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. टाळेबंदीनंतर शाळेत परतलेल्या मुलांचे लक्ष लागत नाही, हे शिक्षकांच्या ध्यानात आले. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरविले की, संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत प्रत्येक घरातले दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद राहतील. मुले त्या वेळात अभ्यास करतील. प्रारंभी लोक हसले. शिक्षक व अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन विनवीत राहिल्या, आणि हळूहळू ते रुळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी गावानेही ठराव केला. तो मात्र अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाईच करणारा होता.

या दोन ठरावांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. बान्सीचा ठराव मुलांसाठी होता, वडगावचा सर्वांसाठी. वडगावात भोंगा वाजला की आईची मालिका थांबते, बापाच्या बोटाखालून सरकणारी चित्रे थांबतात, आणि मगच मुलाला 'पुस्तक घे' असे सांगता येते. मुलांना बंधनाचा राग येतो त्याहून अधिक पक्षपाताचा येतो. माझ्या नातवाला मी ही वडगावची हकीकत सांगितली तेव्हा त्याने खेळाबद्दल अवाक्षर काढले नाही. 'बाबांचा पण बंद?' एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही, कारण जेवताना त्याच्या बाबांच्या डाव्या हातात काय असते ते आम्ही दोघे रोज पाहतो.

परंतु वडगाव शेतकऱ्यांचे आहे. सात वाजता तेथली माणसे घरी असतात. आमच्या बाजूचे तसे नाही. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हा आम्हांला आनंद झाला. आजही तिच्याविना चालणार नाही. पण तिने मुंबईची नोकरी जवळ आणली तशी घरातली संध्याकाळ लांब नेली. कारखान्यातल्या माणसाची पाळी दर आठवड्याला बदलते. सातपाटी-वडराईचा मच्छीमार समुद्रावर असतो. शिवाय भोंगा ऐकला की तारापूरच्या परिसरातल्या माणसाला अभ्यास आठवत नाही, दुर्घटना आठवते. तेव्हा वडगावचा ठराव जसाच्या तसा उचलून येथे चिकटविण्यात अर्थ नाही.

करता येण्यासारखे आहे ते वेगळे. आई-बाप गाडीत असतात त्या दोन तासांसाठी मुलाला ओटीखेरीज दुसरी जागा हवी. शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी उघडे राहिले, मैदानावर एक दिवा लागला, वाचनालय नोकरदार माणसांच्या सोयीने न चालता मुलांच्या सोयीने चालले, तर निम्मे काम होईल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदानही मिळते. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक गावात कमी नाहीत, आणि संध्याकाळी त्यांनाही बाकावर बसून राजकारण बोलण्याखेरीज उद्योग नसतो.

उरलेला भाग घराचा. ग्रामसभेत हा विषय मांडायचा तर पहिला वाद वेळेवरच होईल, हे मला दिसते आहे. सात चालणार नाही. सातला अर्धे गाव गाडीत असते. मी साडेनऊ ते साडेदहा सुचविणार आहे. तोवर पालघरला उतरलेला माणूस रिक्षाने घरी पोहोचून हातपाय धुऊन जेवायला बसलेला असतो. भोंगा नको, देवळातली घंटा पुरे. पाळीवर असणाऱ्यांना सवलत द्यावी लागेल. आणि ठरावात 'मुले' हा शब्द न घालता 'घरातील सर्व व्यक्ती' असे लिहावे लागेल. यावर सभेत गडबड होईल, आणि ती मुलांकडून होणार नाही.